मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम काढणे आणि परत बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक ही जोडी अजूनही सर्रास दिसते. मागचा ड्रम काढून साफ करून परत बसवणं हे काम फार अवघड नाही. अडतं ते एकाच ठिकाणी, ड्रम जागचा हलत नाही तिथे. आणि हलत नाही म्हटलं की हात आपोआप मोठ्या हातोडीकडे जातो. म्हणून खाली त्या अडलेल्या ड्रमवर जास्त लिहिलं आहे, बाकीच्या गोष्टी गरजेपुरत्या. इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे पेडलचे ब्रेक ऑइलवर चालणारे आणि हँडब्रेकची केबल मागच्या चाकांना गेलेली. तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

ड्रम उघडून बघायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

हँडब्रेक पूर्वीपेक्षा खूप वर ओढावा लागतो, पेडल जास्त खाली जातं, मागून घासल्याचा किंवा खरखरीचा आवाज येतो, गाडी चालवून थांबल्यावर एकच चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं लागतं, किंवा टायरच्या आतल्या बाजूला ओलावा दिसतो. यातलं काहीही असलं तर उघडा. टाकीतलं ब्रेक ऑइल सारखं कमी होत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तरीही ड्रमच्या आत बघायलाच हवं. व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने आतले शू ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर; शू म्हणजे ड्रमच्या आतल्या अर्धगोल पट्ट्या) गळायला लागला की ते ऑइल बरेच दिवस ड्रमच्या आतच साचत राहतं.

काहीही त्रास नसला तरी अधूनमधून उघडावं. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे जातो, त्यामुळे मागचे लायनर (शूवरचे, ड्रमला आतून घासणारे थर) पुढच्या पॅडपेक्षा खूप जास्त टिकतात. नेमकं त्यामुळेच त्यांच्याकडे कोणी बघत नाही आणि ड्रम हबवर (चाक आणि ड्रम ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर) गंजून बसतो.

हे काम स्वतः करावं का?

चाक बदलता येत असेल, हत्यारं नीट असतील आणि मॅन्युअल हाताशी असेल तर ड्रम काढून तपासणी आणि सफाई करायला हरकत नाही. लायनर बदलणं ही त्याच्या पुढची पायरी. ते पहिल्यांदा करताना एखादा जाणता माणूस शेजारी असलेला बरा. पेडल दाबल्यावर गाडी थांबेल की नाही याबद्दल काम संपल्यावर जराही शंका असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, फिटरला बोलवा.

कोणती हत्यारं लागतात?

जॅक, दोन मजबूत स्टँड, चाकांना लावायला ठोकळे, चाकाचा पाना, टॉर्क रेंच, चांगल्या टोकाचा फुली स्क्रू ड्रायव्हर, दोन बारीक चपटे स्क्रू ड्रायव्हर, मध्यम वजनाची हातोडी आणि एक नायलॉनची किंवा रबरी हातोडी, पक्कड, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचं उष्णतेत टिकणारं ग्रीस, मास्क, चष्मा आणि टॉर्च. फोन हाताशी ठेवा, फोटो काढायला. पहिल्यांदा करणाऱ्याला या सगळ्यांत फोनच जास्त वाचवतो.

गाडी उचलण्याचा क्रम काय?

सपाट, टणक जमीन. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिला गिअर टाकून ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरासे ढिले करा, उचलल्यावर चाक हाताबरोबर फिरतं. मग उचलून स्टँड लावा आणि गाडीचा भार स्टँडवर घ्या. त्यानंतरच हँडब्रेक पूर्ण सोडा.

क्रमाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. या कामासाठी हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणजे मागची चाकं काहीच धरत नाहीत. गाडी धरून ठेवतात ती फक्त पुढची चाकं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर गिअरचाही उपयोग नाही, तिथे ठोकळे हाच आधार. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, दोन मिनिटांच्या कामासाठीसुद्धा नाही.

माझ्या गाडीचा ड्रम कोणत्या प्रकारचा आहे?

चाक काढून ड्रमच्या मध्यभागी बघा.

मध्यभागातून हब बाहेर डोकावतोय, चाकाचे बोल्ट ड्रममधून आरपार आलेत आणि एखाद-दुसरा चपटा स्क्रू दिसतोय, तर ड्रम वेगळा आहे आणि हबवर नुसता सरकवलेला आहे. स्क्रू काढले की तो सरळ बाहेर यायला हवा. काही गाड्यांत स्क्रूच नसतात, चाकाचे नटच ड्रमला धरून ठेवतात.

मध्यभागी पत्र्याची टोपी असेल तर ड्रम आणि हब एकच ओतीव तुकडा असण्याची शक्यता मोठी, आणि बेअरिंग आत. टोपी हलक्या हाताने काढली की मोठा नट दिसतो. तो एक तर कॉटर पिनने (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेल्या दुभंगी पिनेने) अडवलेला असतो किंवा त्याची कड ठोकून खाचेत बसवलेली असते. इथे तो नट काढल्याशिवाय ड्रम येणार नाही, कितीही ठोका. ठोकण्याआधी हा फरक नीट बघून घ्या.

हँडब्रेक सोडलाय, स्क्रू काढलेत, तरी ड्रम निघत नाही. आता?

आता थांबायचं आणि ड्रमला नक्की कोणी धरून ठेवलंय ते शोधायचं. धरणारे दोनच. हबवरचा गंज, नाहीतर आतले शू. दोघांवरचा उपाय वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काहीतरी तुटतं.

ओळखायचं असं. ड्रम हाताने फिरवून बघा. मोकळा फिरतो पण बाहेर तसूभरही येत नाही, तर गंज. फिरतो आणि चार-पाच मिलिमीटर बाहेर येऊन तिथेच अडकतो, तर ड्रमच्या आतल्या काठाला कंगोरा तयार झालाय आणि शू त्याला अडतायत. मुळात फिरतच नाही, तर शू आत आवळून बसलेत. मग ते हँडब्रेकची केबल जाम असल्यामुळे, ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) जास्त उघडल्यामुळे किंवा सिलिंडरमधला दाब न सुटल्यामुळे असेल.

*गंज असेल तर* : हबच्या गोल काठावर, ड्रम आणि हब जिथे भेटतात त्या बारीक फटीत, आधी तारेचा ब्रश फिरवा. मग गंज सोडवणारा स्प्रे थोडाच मारा, बोल्टच्या मुळाशीही एकेक थेंब. भरमसाट मारला तर तो आत उतरून लायनरवर जातो. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मग हातोडीने ड्रमच्या सपाट तोंडावर, दोन बोल्टच्या मधल्या जागेत ठोका. एक ठोका, ड्रम थोडा फिरवा, पुढच्या जागेत ठोका. जोर मध्यम, पण ठोका खणखणीत. इथे कान उपयोगी पडतात. घट्ट बसलेला ड्रम भरीव, बद्द आवाज देतो. सुटायला लागला की आवाज पोकळ होतो आणि हबच्या फटीतून तांबूस भुकटी गळायला लागते. ती दिसली की निम्मं काम झालं.

ड्रमच्या बाहेरच्या काठावर मागून हातोडी मारायची नाही. ड्रम बिडाचा असतो, आणि बीड वाकत नाही, टवका उडतो. बोल्टच्या डोक्यावरही नाही, आटे बसतील. आणि ड्रम व मागची प्लेट (शू जिच्यावर बसवलेले असतात ती) यांच्या फटीत पहार घालून उचकटायचं तर अजिबातच नाही. प्लेट पत्र्याची असते, ती वाकली की शू पुढे कायम तिरके घासतात.

*शू अडत असतील तर* : हातोडी बाजूला ठेवा. मागच्या प्लेटवर, क्वचित ड्रमच्या तोंडावर, रबरी बुच लावलेलं लांबट भोक असतं. बुच काढून टॉर्चने आत बघा, दातेरी चाक दिसेल. तोच ॲडजस्टर. स्क्रू ड्रायव्हरने एकेक दात फिरवून तो आखूड करायचा म्हणजे शू आत येतात. गोम अशी की आपोआप जुळणाऱ्या ॲडजस्टरवर एक छोटी पट्टी टेकलेली असते, जी चाक उलटं फिरू देत नाही. दुसऱ्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती पट्टी जराशी दूर धरावी लागते. चाक टकटक आवाज करत पट्टी न हलवताच सहज फिरत असेल तर खूश होऊ नका. तुम्ही ते उलट्या दिशेने फिरवताय आणि शू आणखी आवळताय.

ॲडजस्टरपर्यंत पोहोचता येत नसेल तर हँडब्रेकची केबल आतून किंवा गाडीखालून पूर्ण ढिली करा. कित्येकदा तेवढ्याने शू मिलिमीटरभर आत येतात आणि तेवढं पुरतं. मग ड्रम दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवत, फिरवत, सरळ बाहेर ओढा. तिरका ओढला की परत अडतो.

*तरीही चाक आवळलेलंच असेल तर* : व्हील सिलिंडरचा हवा काढायचा निपल थोडा उघडून बघा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक एकदम मोकळं झालं, तर दाब आत अडकून पडला होता. बहुतेक वेळा ब्रेकचा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो. ड्रम निघाला तरी तो होज बदलल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका.

शेवटचा उपाय म्हणजे शू धरून ठेवणाऱ्या पिनांची डोकी प्लेटच्या मागून कापणं. मग ड्रम शूसकट बाहेर येतो. पिना आणि स्प्रिंगा नव्या घालाव्या लागतात, पण फुटलेल्या ड्रमपेक्षा हे कधीही परवडलं.

ड्रमच्या तोंडावर दोन रिकामी आट्यांची भोकं आहेत. ती कशासाठी?

ड्रम ढकलून काढण्यासाठीच. त्या आट्यांचे दोन बोल्ट, पुष्कळ गाड्यांत ८ मिलिमीटरचे, हाताने आत घाला आणि मग पान्याने आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. बोल्टचं टोक मागच्या हबवर टेकतं आणि ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. मधूनमधून ड्रमवर हलका ठोका द्या. एकच बोल्ट शेवटपर्यंत आवळू नका, ड्रम तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. ही युक्ती गंजासाठी आहे. शू अडकलेले असताना बोल्ट आवळत राहिलात तर भोकांचे आटे तरी जातील नाहीतर ड्रमला तडा तरी.

स्क्रूचं डोकं खराब झालं. काय करू?

अजून थोडी पकड उरली असेल तर स्क्रू ड्रायव्हर घट्ट बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचा एक दणका द्या आणि मग फिरवा. ठोक्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर उत्तमच. पकड उरलीच नसेल तर डोकं ड्रिलने उडवा, ड्रम काढा, मागे उरलेली दांडी पकडीने फिरवून काढा. नवे स्क्रू घालताना आट्यांना किंचित ग्रीस लावा आणि नुसते टेकतील इतपतच आवळा. या स्क्रूंचं काम चाक निघालेलं असताना ड्रम जागेवर ठेवण्यापुरतं आहे. चालत्या गाडीत ड्रम धरतात ते चाकाचे नट.

गॅसच्या ज्योतीने ड्रम गरम केला तर?

नको. आत सिलिंडरची रबरं आहेत, ब्रेक ऑइल आहे, शेजारी बेअरिंगचं ग्रीस आहे. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ज्योत नेणं सरळसरळ धोक्याचं. काही क्लीनर पेट घेतात, काहींचा जळल्यावर विषारी वायू होतो.

आतली काळी धूळ कशी काढायची?

ओली करून. फुंकर मारायची नाही, हवेचा पाइप लावायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस वापरलं जायचं आणि गाडीत बसवलेला लायनर नक्की कशाचा आहे हे बाहेरून बघून कळत नाही. नव्या प्रकारच्या लायनरची धूळही छातीत जावी अशी नसतेच. मास्क लावा, खाली पसरट भांडं ठेवा, ब्रेक क्लीनर किंवा साबणाचं पाणी हलकेच शिंपडून धूळ भिजवा आणि चिंधीने पुसून घ्या. चिंधी आणि साठलेला चिखल पिशवीत बांधून टाका.

ड्रम निघाला. आता नेमकं काय तपासायचं?

आधी फोटो. प्रत्येक स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, ॲडजस्टरचं तोंड कोणीकडे आहे, हे दिसेल असा. आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू जुळवलेली असली की अडल्यावर तिच्याकडे बघता येतं, फक्त ती आरशातल्यासारखी उलटी असते हे ध्यानात ठेवून.

लायनरची जाडी सगळ्यात पातळ जागी मोजा. चिकटवलेला लायनर असेल तर धातूच्या शूपासून वर किती उरलाय ते बघायचं, रिबीट मारलेला असेल तर रिबीटच्या डोक्यापासून वर किती. कित्येक गाड्यांना किमान मर्यादा १ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. मॅन्युअलमधला आकडा धरा, पण मर्यादेला टेकलेले लायनर परत बसवणं म्हणजे हेच सगळं काम थोड्या दिवसांनी पुन्हा करणं. लायनरला तडे, सुटलेली कड, एका बाजूला जास्त झीज यांकडेही बघा.

मग व्हील सिलिंडर. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. टोपीची कड नखाने किंवा बोथट टोकाने जराशी उचला. आत कोरडं किंवा नुसतं दमट असेल तर ठीक. ऑइलचा थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. बाहेरून कोरडा दिसणारा सिलिंडर इथे पकडला जातो, म्हणून टोपी उचलल्याशिवाय तो चांगला आहे असं म्हणू नका.

आत ओलावा असेल तर तो कशाचा ते ओळखा. ब्रेक ऑइल पातळ असतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सलचं सील गळून गिअर ऑइलही ड्रममध्ये येतं. ते दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. काहीही असो, ऑइल प्यायलेला लायनर धुऊन, घासून, तापवून पुन्हा वापरता येत नाही. गळती आधी बंद करायची आणि दोन्ही चाकांचे लायनर बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

स्प्रिंगांचे वेटोळे मोकळ्या अवस्थेत एकमेकांना चिकटून असावेत. ताणलेली, गंजलेली किंवा तापून निळसर झालेली स्प्रिंग बदला. हँडब्रेकचा आतला लिव्हर हाताने ढकलून सोडा, तो सहज मागे यायला हवा.

ड्रम निघालेला असताना पेडल दाबून सिलिंडर चालतोय का ते पाहू का?

अजिबात नाही. ड्रम नसला की शूला अडवणारं काही नसतं, सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल सांडतं. गाडीत कोणी बसलेलं असेल तर त्यालाही आधीच बजावून ठेवा.

ड्रमला चरे पडलेत. लेथवर घासून घ्यावा की नवा घ्यावा?

बारीक रेषा चालतात. नख अडकेल असे चरे, निळे-काळे डाग किंवा आतला व्यास जागोजागी वेगळा भरत असेल तर विचार करावा लागतो. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला किंवा कोरलेला असतो. मूळ व्यासापेक्षा तो बहुतेक वेळा मिलिमीटर-दोन मिलिमीटरच जास्त असतो, म्हणजे घासायला मुळात फार वाव नसतो. व्यास कंगोऱ्यावर न मोजता जिथे लायनर घासतो तिथे मोजा आणि काटकोनातल्या दोन दिशांनी मोजा. दोन मापांत फरक आला तर ड्रम अंडाकृती झालाय, पेडलखाली धडधड जाणवते ती त्याचीच. टर्निंग (लेथवर घासणं) केल्यावरही व्यास मर्यादेच्या आत राहत असेल तर जरूर करा, दोन्ही बाजूंचा सारखाच. तडा गेलेला ड्रम मात्र भंगारात, त्यात वादाला जागा नाही.

नवा ड्रम आणलात तर त्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसल्याशिवाय बसवू नका.

लायनर बदलताना काय सांभाळायचं?

दोन ॲडजस्टर एकमेकांत मिसळू देऊ नका. डाव्या-उजव्या बाजूच्या ॲडजस्टरचे आटे बहुतेक गाड्यांत परस्परविरुद्ध असतात. अदलाबदल झाली तर तो प्रत्येक ब्रेकला शू जुळवण्याऐवजी ढिले करत जातो आणि पेडल दिवसेंदिवस खाली का जातंय ते कळत नाही. जोडीतले दोन शूसुद्धा काही गाड्यांत सारखे नसतात, कोणता पुढे आणि कोणता मागे ते जुने काढतानाच बघून ठेवा.

स्प्रिंग काढताना चष्मा हवाच. पक्कड सटकली की स्प्रिंग थेट तोंडाकडे येते. शू धरणारी पिन मागून बोटाने दाबून धरायची, पुढची वाटी पकडीने आत दाबायची आणि पाव फेरा फिरवायची. सुटते.

ग्रीस कुठे लावायचं आणि कुठे नाही?

मागच्या प्लेटवर शू जिथे टेकून घासतात ते उंचवटे, त्यांवर पातळ थर. बहुतेक वेळा ते घासून चकचकीत झालेले असतात, म्हणून सहज ओळखू येतात. ॲडजस्टरच्या आट्यांना, शूची टोकं जिथे अडकतात तिथे थोडं. हबच्या मधल्या गोल काठावर, गंज खरवडून काढल्यावर, नावापुरता हात. पुढच्या वेळी ड्रम हातोडीशिवाय निघतो तो या नावापुरत्या हातामुळेच.

लायनर आणि ड्रमची आतली बाजू या दोन ठिकाणी ग्रीसचं बोटही लागता कामा नये. हात आधी पुसा, मग लायनर धरा.

ड्रम परत आत जात नाही.

नवे लायनर जाड असतात, त्यामुळे ॲडजस्टर पूर्ण आखूड करावा लागतो. केला असूनही जात नसेल तर हँडब्रेकचा आतला लिव्हर पूर्ण मागे आलाय का ते बघा. केबल ताणलेली असेल तर तो येत नाही आणि शू पसरलेलेच राहतात. शू मधोमध आहेत का तेही पाहा, वरून किंवा खालून एका अंगाला सरकले असतील तर तळहाताने थोपटून मध्ये आणा. ड्रम नटांनी आवळून जबरदस्तीने आत ओढायचा नाही.

ब्रेक जुळवायचे कसे?

ड्रम लावा, फिरवा, काढा, ॲडजस्टर दोन दात उघडा, परत लावा. फिरवताना लायनर सगळीकडून हलकासा घासल्याचा एकसारखा आवाज आला पण ड्रम अडत नाहीये, की थांबा. दोन्ही बाजूंचे ड्रम बसल्यानंतर पेडल बरेच वेळा दाबा, म्हणजे शू मध्यावर येतात. काही गाड्यांत आतला ॲडजस्टर टकटक करत स्वतः जुळतानाही ऐकू येतो.

हँडब्रेकची केबल कधी ताणायची?

सगळ्यात शेवटी. शू जुळवायच्या आधी केबल ताणून हँडब्रेक वर आणणं ही चोरवाट आहे. त्याने लिव्हर आतून अर्धवट ओढलेला राहतो, आपोआप जुळणारा ॲडजस्टर काम करत नाही आणि ब्रेक घासत राहतात. शू नीट जुळले की बहुतेक वेळा केबलला हात लावावाच लागत नाही. लागला, तर मॅन्युअलमध्ये किती खटक्यांवर हँडब्रेक धरायला हवा ते दिलेलं असतं. जुळवून झाल्यावर हँडब्रेक सोडा आणि दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरतात ना ते बघा.

बेअरिंग आत असलेल्या ड्रमचा मधला नट किती आवळायचा?

इथे अंदाज चालत नाही. दोन कोनाकृती बेअरिंगं असतील तर ड्रम फिरवत नट आवळायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात, मग तो ढिला करायचा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या हलक्या मापावर आणून नवी कॉटर पिन घालायची. जोराने आवळून सोडून दिला तर बेअरिंग तापून जातं. सीलबंद बेअरिंग असेल तर गणित नेमकं उलटं. तिथे नट भक्कम आवळायचा असतो, आणि कड ठोकून अडवलेला नट एकदाच वापरायचा. ड्रम बाहेर असताना बेअरिंगवर कापड टाकून ठेवा, ब्रेकची धूळ ग्रीसमध्ये गेली तर ते सगळं ग्रीस बदलावं लागतं.

गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. वेगळी काळजी?

सेन्सर आणि त्याची वायर कुठून गेली आहे ते ठोकण्याआधी बघा. बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकी कडं असलेल्या गाड्यांत त्यावर हातोडी, चुंबक आणि लोखंडी भुकटी यांपैकी काहीच नको.

ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढावी लागते का?

ऑइलची वाट कुठे उघडली नसेल तर नाही. निपल उघडला, सिलिंडर किंवा होज बदलला, तर काढावीच लागते. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. डॉट ३ आणि डॉट ४ एकाच कुळातले, पण सिलिकॉनचं डॉट ५ त्यांच्यात मिसळत नाही. बरेच दिवस उघडी पडलेली बाटली वापरू नका. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ चा किमान आकडा कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १५५. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलला जातो.

चाकाचे नट किती घट्ट?

छोट्या गाड्यांत साधारण ८० ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटचा आवळा चाक जमिनीला टेकल्यावर. ड्रम आणि चाक जिथे टेकतात तिथला गंज साफ केलेला नसेल तर नट आवळल्यासारखे वाटतात आणि थोड्या अंतराने ढिले होतात. म्हणून थोडी गाडी चालवून ते एकदा परत तपासा.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना?

इंजिन चालू करून, गाडी उभी असतानाच पेडल दाबा. कडक लागलं पाहिजे आणि दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाता कामा नये. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा थांबवून बघा. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला बसायला वेळ घेतात. सुरुवातीला मध्यम वेगातून बेताने ब्रेक मारायचे, मध्ये थंड होऊ द्यायचे. करकचून ब्रेक मारून लायनर लवकर बसत नाहीत, वरचा थर जळून गुळगुळीत होतो.

फिरून आल्यावर एक चाक तापलंय. हात लावून बघितला तर चालेल?

ड्रमला हात नको, भाजेल. चाकाच्या जवळ तळहात नेऊन दोन्ही बाजूंची धग ताडून बघा. थोडी ऊब दोन्हीकडे असणारच. एकाच बाजूला जास्त असेल तर गाडी उचलून ते चाक फिरवा. जड फिरत असेल तर ॲडजस्टर दोन-तीन दात मागे घ्या. तरीही जडच असेल तर हँडब्रेकची केबल नळीत अडकतेय का ते बघा.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीचं मागचं चाक सुटतच नाही. ड्रम काढावाच लागेल?

नेहमी नाही. ओली गाडी हँडब्रेक ओढून ठेवली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतो. हँडब्रेक सोडून गाडी हळूच पुढे-मागे करा, कित्येकदा एक टक आवाज येतो आणि चाक सुटतं. सुटलं नाही तर इंजिनच्या जोरावर ओढत राहू नका, लायनर शूवरून उखडून येतो. गाडी उचला, चाक काढा आणि ड्रमच्या तोंडावर, बोल्टच्या मधल्या जागांत, फिरत-फिरत ठोके द्या. यापुढे गाडी जास्त दिवस ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये घालून, चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवा.